ज्याच्यावर सोपवून निवांत झोपावं

शेळके वकील पुण्यात मुलाकडे वारल्याची बातमी आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळी पावणेसातला आली. दुपारच्या जेवणापर्यंत तिच्याखाली एकेचाळीस जणांनी हात जोडले होते. कुणी 'गल्लीचा आधार गेला' असं लिहिलं, कुणी 'देवमाणूस' म्हटलं. गटात आम्ही त्रेचाळीस जण आहोत. बातमी टाकणारा एक, हात जोडणारे एकेचाळीस, आणि उरलेला मी.

मी काही लिहिलं नाही. मला त्यांच्याबद्दल जे सांगायचं आहे ते जोडलेल्या हातांच्या चित्रात मावणारं नाही. वाळूजच्या एका कारखान्यात एकोणतीस वर्षं मी तयार मालाची मापं तपासतोय. माप बसलं तर हिरवी चिठ्ठी, नाही बसलं तर लाल. माल कुणी बनवला, तो माणूस किती गोड बोलतो, हे लिहायला चिठ्ठीवर जागा नसते. तरी त्यांचं जे चांगलं मी पाहिलं तेही लिहितो. नाहीतर माझंच माप खोटं ठरेल.

गारखेड्यात त्यांचं घर आमच्या घरापासून बासष्ट पावलांवर. मूळचे ते देवगाव रंगारीचे, म्हणजे माझ्या सासुरवाडीचे. सासऱ्यांचे शाळेपासूनचे दोस्त. माझी बायको सुमन त्यांना काका म्हणायची, म्हणून मीही काका म्हणायचो. ते मला नावाने कधी हाक मारत नसत. गावचा जावई म्हणून 'जावईबापू'. अंगाने किरकोळ, आवाज मात्र भरदार. उन्हाळ्यातही अंगात काळं जाकीट, आणि त्याच्या वरच्या खिशात पेनाच्या जागी लाल पेन्सिल. समोरचा माणूस आपलं गाऱ्हाणं सांगू लागला की ते ब्लेडने त्या पेन्सिलीला टोक काढत बसायचे. टोक झालं की गाऱ्हाणं संपलं असं समजायचं.

नवा माणूस आला की आधी चहा, मग 'वकील' या शब्दाचा अर्थ. हे प्रवचन मी निदान वीस वेळा ऐकलं असेल.

"तुम्हाला वाटतं वकील म्हंजी काळा कोट," ते म्हणायचे. "कोट इंग्रजाचा. शब्द त्याच्या लई आधीचा. अरबी हाय. सोपवणं, हवाली करणं, हे त्याचं मूळ. कोर्टकचेरी मागून आली. आधी एका राजाचा माणूस दुसऱ्या राजाच्या दरबारात बसायचा, त्याला वकील म्हणायचे. त्यानं तिथं दिलेला शब्द म्हंजी राजाचा शब्द. अन् मुसलमानांत अल्लाची जी नावं हायेत, त्यातलं एक नाव हेच. बघा, केवढी खुर्ची हाय ती!"

मग लाल पेन्सिल समोरच्यावर रोखायची. "अन् तुम्ही कोण? अशील. तोबी अरबीच. अशील म्हंजी अस्सल, मूळ माणूस. मी तुमच्या जागी उभा ऱ्हाणारा. मूळ तुम्ही, सावली मी."

तोवर समोरचा पार विरघळलेला असायचा. उरलेलं काम शेवटचं वाक्य करायचं. काकांचे गुरू निजामाच्या काळात उर्दूतून वकिली केलेले एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांचं वाक्य काका त्यांच्याच बोलीत म्हणायचे, "वकील वो है मियाँ, जिसको सौंप के आदमी सो जाए." म्हणजे ज्याच्यावर सोपवून निवांत झोपावं, तो वकील.

आणि हे नुसतं बोलणं होतं असंही नाही. क्रांती चौकाजवळ एक रसवंतीवाला होता. त्याची टपरी उठवायची नोटीस निघाली, तेव्हा काका त्याच्यासाठी कोर्टात चौदा वेळा उभे राहिले आणि त्याच्याकडून फक्त रस प्यायले, तोही बर्फाशिवाय. टपरी राहिली. मी रसवंतीवाल्याला स्वतः विचारून खात्री केलेली आहे.

दुसरी एक गोष्ट ते सांगायचे. कोर्टातल्या त्यांच्या एका मुसलमान मित्राच्या मुलीच्या निकाहाला ते गेले होते. तिथे मुलीच्या वतीने तिचा एक चुलता वकील झाला. दोन साक्षीदार घेऊन तो आत बायकांच्या खोलीत गेला, मुलीला मुलाचं नाव, बापाचं नाव सांगितलं आणि कबूल आहे का विचारलं. एकदा नाही, तीनदा. मग बाहेर येऊन त्याने सगळ्यांसमोर तिचा होकार सांगितला. इथे काका पेन्सिल खाली ठेवून म्हणायचे, "तीनदा विचारून आला हो तो! पोरीच्या तोंडून आल्याशिवाय शब्द बाहेर आणला नाय. याला म्हंत्यात वकील."

सुमन ही गोष्ट ऐकून दरवेळी डोळ्याला पदर लावायची.

काकांच्या बैठकीच्या खोलीत कुठल्या देवाचा फोटो नव्हता. तीन कॅलेंडरं होती, एकाशेजारी एक, आणि त्यांच्यावर लाल पेन्सिलीचे गोल. प्रत्येक गोलात एक-दोन अक्षरं. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "अशिलांच्या तारखा. माणूस विसरतो, भिंत विसरत नाय." मला ही पद्धत फार आवडली होती. आमच्या विभागात मीही तसंच कॅलेंडर लावलं. अजून आहे.

सासरे वारले त्यानंतर एकविसाव्या दिवशी काकांनी आम्हाला कन्नडला बोलावलं, निबंधकाच्या कचेरीत. माझा मेव्हणा तिथे आधीच उभा होता. काका सुमनला म्हणाले, "वारसाची नोंद करायची हाय, पोरी. तुझ्या बापाच्या मागं तुम्हा दोघांची नावं लागली पायजेत. आत ये, दोनचार सह्या हायेत."

मी बाहेर व्हरांड्यात बसलो. तिथे चौदा खुर्च्या होत्या, पैकी दोन मोडक्या. आत जाऊन कागद बघावा असं एकदा मनात आलं. मी गॅसच्या शेगडीबरोबर आलेलं माहितीपत्रकसुद्धा पूर्ण वाचणारा माणूस. पण जावयाने सासऱ्याच्या सातबाऱ्यात डोकावायचं नसतं, अशी आमच्याकडे रीत आहे. डोकावला तर तो जमिनीवर टपलेला. मी बसून राहिलो. आणि सुमनने कागद वाचला नाही, कारण ज्याला काका म्हणायचं त्याने पुढे केलेला कागद वाचायला घेणं म्हणजे त्याच्या तोंडावर 'तुमच्यावर विश्वास नाही' म्हणणं. आतलं मला तिने नंतर सांगितलं. निबंधक साहेबांनी तिला विचारलं, "मान्य आहे ना?" तिने काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली. तिने "हो" म्हटलं. एकदाच विचारलं गेलं, आणि उत्तर काकांच्या मानेने दिलं.

बाहेर आल्यावर भावाने तिला मोरपंखी रंगाची साडी दिली. वडील गेले, माहेरची दुखवट्याची साडी असेल, असं समजून तिने ती कपाळाला लावून घेतली.

पुढे साडेचार वर्षांनी, नऊ मार्चला, मी मोबाइलवर सहज त्या जमिनीचा सातबारा उघडला. सुमनचं नाव नव्हतं. फेरफार काढून पाहिला. त्यात लिहिलं होतं, की बहिणीने हक्कसोडपत्र करून आपला हिस्सा भावाला दिल्यामुळे तिचं नाव कमी केलं. त्याच दिवशी कन्नडला जाऊन मी दस्ताची नक्कल आणली. आठ पानं, आठही पानांवर सुमनची सही. शेवटची ओळ अशी, 'हे पत्र मला वाचून दाखविले, ते मला समजले व मान्य आहे.' तिच्याखाली मसुदा तयार करणाऱ्याचं नाव. शेळके वकील.

सुमनने ती ओळ वाचली आणि कागद माझ्याकडे परत दिला. "दोन एकराचं नाय हो," ती म्हणाली. "दादानं मागितलं असतं तर मी हसत सोडलं असतं. सगळ्या बहिणी एका साडीवर सोडतात. पण मला वाचून दाखविलं म्हणून लिहिलंय. कुणी दाखविलं? मला त्या माणसाच्या तोंडून ऐकायचंय, की त्यानं वाचून दाखविलं नव्हतं. अन् माझं नाव दादासाहेबांच्या नावाखाली परत पायजे." दादासाहेब म्हणजे तिचे वडील.

आम्ही दुसऱ्याच दिवशी काकांकडे गेलो. दुसऱ्या वकिलाकडे का नाही, असं आता कुणीही विचारील. आम्हाला वाटत होतं, मेव्हण्याने त्यांनाही फसवलं असणार. इतके आम्ही त्यांचे होतो.

सुमनने सरळ विचारलं, "काका, तुम्ही कुणाचे वकील? माझे का दादाचे?"

काकांनी पेन्सिल आणि ब्लेड हातात घेतलं. "मी घराचा वकील, पोरी. तुझ्या बापानं घर माझ्यावर सोपवलं व्हतं. कोर्टात गेलीस तर भाऊ जाईल. मी बसवतो दोघांना. घाई करू नका. बहीणभावाचं हाय, बसून मिटवू." मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, "तुम्हाला हे कळलं कधी, जावईबापू?"

मी बिनचूक माणूस. "काल," मी म्हणालो. "नऊ मार्च. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी."

त्यांनी ते लिहून घेतलं. कुणीतरी आकड्याची कदर करतंय म्हणून मला बरं वाटलं.

त्यानंतर अकरा बैठका झाल्या. अकराही बैठकांच्या नोंदी माझ्या डायरीत आहेत. पहिल्या बैठकीला मेव्हणा आला आणि रडला. दुसरीला आलाच नाही. तिसरी त्याच्या मुलीच्या लग्नामुळे पुढे गेली, चौथी काकांच्या मोतीबिंदूमुळे. दरवेळी चहा, चिवडा आणि "घाई करू नका". दोन वर्षं दहा महिने असे गेले. नवव्या बैठकीला जानेवारी होता आणि भिंतीवर नवी कोरी कॅलेंडरं लागली होती. बोलता बोलता माझी नजर मार्चच्या चौकोनाकडे गेली. नऊ तारखेभोवती लाल गोल होता, आणि गोलात 'सु.' असं अक्षर.

मी घरी येऊन सुमनला आनंदाने सांगितलं, "काकांनी आपलं नाव कॅलेंडरवर चढवलंय. नऊ मार्चला काहीतरी नक्की होणार."

तिने त्या दिवशी शिरा केला.

दहावी बैठक फेब्रुवारीत झाली. "एवढी परीक्षा होऊ द्या पोराची," काका म्हणाले. कोणत्या पोराची ते मी विचारलं नाही. अकरावी एप्रिलात. त्या दिवशी चहा आला नाही. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी लई प्रयत्न केला. तुझा भाऊ ऐकत नाय. आता कोर्टात जायचं म्हटलं तरी अवघड हाय. असला दस्त रद्द करायला कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असती. ती गेली."

"कधी गेली?" सुमन म्हणाली.

"मार्चात."

मी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. लाल गोल तिथेच होता. सुरुवातीची तारीख मीच दिली होती, वेळेसकट. त्यांनी फक्त तीन वर्षं मोजली होती. रसवंतीवाल्याची तारीख चुकू नये म्हणून जी पेन्सिल चालली, तीच आमची तारीख निघून जावी म्हणून चालली. माणूस विसरतो, भिंत विसरत नाही.

सुमन उठली. "काका, तुम्ही मला वाचून दाखविलं होतं का?"

ते पेन्सिलीला टोक काढू लागले. टोक निघालं, तरी उत्तर आलं नाही. आम्ही बाहेर पडलो. नंतर कळलं, की मेव्हण्याची आणि त्याच्या सोसायटीची सगळी कामं पहिल्यापासून त्यांच्याकडेच होती. शहरातल्या दुसऱ्या वकिलाने कागद पाहिले, तारखा पाहिल्या आणि म्हणाला, "तुम्ही एवढे शिकलेले, तीन वर्षं करत काय होता?" मी डायरी मिटली.

पुढची सहा वर्षं आम्ही त्याच गल्लीत राहिलो. ते रोज सकाळी फिरायला जाताना आमच्या फाटकाशी थांबायचे. "काय जावईबापू, बरं हाय ना?" मला आधी वाटायचं, हा माणूस निर्लज्ज आहे. मग हळूहळू कळलं, की तसंही नाही. त्यांच्या मनात आमच्यात काही घडलंच नव्हतं. एक काम होतं, ते झालं, फाइल बंद. हे कळल्यावर माझा राग कमी व्हायला हवा होता. तो वाढला. मी फाटकाशी उभा राहून "बरं आहे" म्हणायचो आणि वाट बघायचो. कशाची, ते मलाही माहीत नव्हतं. मोरपंखी साडी सुमनने कधी नेसली नाही आणि कुणाला दिलीही नाही. कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर घडी मोडल्याशिवाय पडून होती, दार उघडलं की समोर दिसेल अशी.

काकांना काचबिंदू झाला. नजर कडेकडेने गेली, मग मधूनही जाऊ लागली. काकू आधीच गेल्या होत्या. मुलगा पुण्याला. एका शुक्रवारी, माझी सुट्टी असते त्या दिवशी, ते कुंपणाला हात लावत लावत आमच्याकडे आले. हातात खाकी पाकीट.

"जावईबापू, एक काम व्हतं. पोरानं कागद ठिवलाय. घरपट्टीला त्याचं नाव लावायचा हाय म्हणतो. मला दिसत नाय. एवढं वाचून दाखवता का?"

"कोर्टातल्या कुणाला सांगायचं होतं, काका."

"त्यांना कशाला?" ते एकदम म्हणाले. मग आवाज खाली आला. "शेळक्याला पोराचा कागद तपासून घ्यावा लागतो, असं व्हायला नको. पोरालाबी विचारलं तर म्हणंल, बाबा, माझ्यावर भरवसा नाय का? तुम्ही एक अक्षर इकडचं तिकडं करायचे नाय, मला म्हाईत हाय."

मी पाकीट उघडून पहिल्या पानाचा मथळा पाहिला. 'बक्षीसपत्र'. घर मुलाला कायमचं देऊन टाकल्याचा दस्त. घरपट्टीशी त्याचा काही संबंध नव्हता. मी पाकीट बंद केलं.

त्या क्षणी मी काही ठरवलं असं म्हणता येणार नाही. तोंडातून आपोआप आलं. "घाई करू नका, काका. माझ्या चष्म्याचा नंबर बदललाय. पाकीट ठेवून जा. पुढच्या शुक्रवारी या. चहा घ्या."

पुढच्या शुक्रवारी मी चष्मा आला नसल्याचं सांगितलं. तिसऱ्या शुक्रवारी पाहुणे होते. चौथ्या वेळी मी म्हणालो की अर्धा वाचलाय, बाकीचा नीट वाचून सांगतो. दरवेळी चहा आणि चिवडा. दरवेळी डायरीत नोंद. पूर्वी ते टोक काढायचे आणि मी बोलायचो. आता ते बोलायचे आणि मी चष्मा पुसायचो. एके दिवशी त्यांनी पुन्हा निकाहाची गोष्ट सांगितली, तीनदा विचारून आलेल्या चुलत्याची. सुमन दारात उभी होती. या वेळी तिने डोळ्याला पदर लावला नाही.

सातव्या वेळी ते गेल्यावर ती कपबशा उचलत म्हणाली, "तुम्ही त्यांना खेळवताय."

"हो."

"किती वेळा?"

"अकरा."

तिने कपबशा खाली ठेवल्या. "घर जाईल त्यांचं."

"जाईल."

ती आत गेली. आठव्या शुक्रवारी तिने चहाबरोबर बिस्किटंही ठेवली. तिने मला अडवलं नाही, हे मी लिहून ठेवतो. आणि ठरवलं मी, तिने नाही, हेही लिहून ठेवतो.

दहाव्या वेळी काका खुर्चीत नीट टेकलेच नाहीत. "जावईबापू, मंगळवारी पोरगा येणार हाय. कचेरीतली वेळ ठरवलीय म्हणतो. आज तेवढं वाचून टाका."

मंगळवार मला स्पष्ट ऐकू आला होता. वाचायला किती वेळ लागतो तेही माहीत होतं. कागद माझ्या टेबलाच्या खणात होता, आणि मी तो पहिल्याच दिवशी दोनदा वाचला होता. मी पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. "आज जरा गडबड आहे, काका," मी म्हणालो. "शुक्रवारी या. शुक्रवारी नक्की."

ते अकराव्या वेळी आले तेव्हा त्यांच्या डाव्या अंगठ्याला शाई होती, धुऊनही न गेलेली. पाकीट पुढे करून म्हणाले, "सही झाली. मंगळवारीच झाली. साहेबानं विचारलं, मान्य हाय का. पोरगा शेजारी उभा. काय म्हणणार? पण लिहिलंय काय, ते तरी कळू द्या आता."

मी हात पुढे करायच्या आत सुमन बाहेर आली आणि तिने पाकीट घेतलं. समोरच्या खुर्चीवर बसली, ताठ. "मी वाचते, काका."

तिने पहिल्या शब्दापासून वाचलं. बक्षीसपत्र. प्लॉटचं क्षेत्र. चतुःसीमा, पूर्वेला रस्ता, पश्चिमेला कोण, दक्षिणेला कोण. मिळकत आज रोजी कायमची बक्षीस दिली. ताबा आजच दिला. यापुढे देणाऱ्याचा किंवा त्याच्या वतीने कुणाचा काही हक्क राहिला नाही. तिने कुठे घाई केली नाही, कुठे आवाज चढवला नाही. शेवटच्या ओळीशी मात्र थांबली, श्वास घेतला आणि वाचलं, "हे पत्र मला वाचून दाखविले, ते मला समजले व मान्य आहे."

काकांचा चेहरा माझ्याकडे नव्हता, तिच्याकडेही नव्हता. "मरेपर्यंत ऱ्हायचा हक्क?" त्यांनी विचारलं. "एक कलम असतं. तहहयात राहण्याचं. नीट बघ, पोरी."

"नाय."

"मागच्या पानावर?"

"कुठंच नाय, काका."

भिंतीवरच्या घड्याळाकडे मी पाहत होतो. मी काही बोलायच्या आत सुमनच बोलली. "सात मिनिटं लागली वाचायला. ह्यांना विचारा, हे मोजतात. तुम्ही लिहिलेला माझा कागदबी आठच पानांचा होता, काका. तेव्हा तुमच्याकडं सात मिनिटं नव्हती?"

मग काकांनी हळूच म्हटलं, "नव्हतं वाचून दाखविलं." एवढंच. माफी नाही, कारण नाही. पण जे ऐकण्यासाठी सुमन नऊ वर्षांहून जास्त थांबली होती, ते तिने ऐकलं. ती पाकीट टेबलावर ठेवून आत गेली. कपाटाचं दार वाजलं.

मग त्यांच्यातला वकील जागा झाला. "आज कळलं मला," ते म्हणाले. "तीन वर्षं आजपासून. जावईबापू, तुमचं कॅलेंडर कुठं हाय?" मी त्यांना भिंतीपाशी नेलं. त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली, बोटांनी कागद चाचपला, रांगा मोजल्या आणि गोल केला. गोल आजच्या तारखेवर पडला नाही. खालच्या रांगेत, पुढच्या आठवड्यात पडला. मी आयुष्यभर चुकीच्या आकड्यावर लाल चिठ्ठी लावत आलो. त्या दिवशी मी गप्प राहिलो.

"मला आता कोर्टात फिरणं होणार नाय," ते म्हणाले. त्यांनी माझा हात शोधून धरला. "चांगला माणूस बघा. कागद तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. तुमच्यावर सोपवतो."

मी त्यांचा हात थोपटला. "घाई करू नका, काका," मी म्हणालो. "बापलेकाचं आहे. बसून मिटवू."

शब्द त्यांनी ओळखले. हातातला हात सैल झाला, त्यावरून मला ते कळलं. पण त्यांनी पाकीट परत मागितलं नाही. दुसरं कुणी नव्हतंच. सुमनने आतून सांगितलं, "घरापर्यंत सोडून या, त्यांना दिसत नाय." मी सोडून आलो. बासष्ट पावलांना त्या दिवशी नव्वद लागली.

महिनाभराने मुलगा गाडी घेऊन आला. घर पाडून तिथे मजले चढणार होते. फाटकाशेजारची 'वकील' लिहिलेली पाटी कुणीतरी आधीच काढली होती; भिंतीत चार स्क्रूंची भोकं उरली होती. जुनी कॅलेंडरं रद्दीवाल्याने नेली. काका मागच्या सीटवर बसले, जाकीट घालून. गाडी आमच्या घरापाशी आल्यासारखं त्यांना वाटलं असावं. त्यांनी काच खाली केली, हात वर केला आणि शेजाऱ्यांच्या बंद फाटकाकडे बघत म्हणाले, "येतो, जावईबापू. त्या कामाचं लक्षात ठिवा."

मी माझ्या फाटकात उभा होतो, तिथून चार पावलांवर. त्यांचं पाकीट माझ्या टेबलाच्या खणात होतं आणि अजून आहे. त्यांनी थोडं थांबून कान दिला.

मी आवाज दिला नाही. गाडी निघून गेली.